बोटीची किल्ली

आमच्या घरात दाराच्या आत डाव्या हाताला एक खिळा आहे. त्याला गावाच्या पूरबोटीची किल्ली लटकलेली असते. ती खरं तर तिथे असायला नको. ती नदीकाठच्या शेवटच्या घरात, सगळं गाव ज्यांना मामा म्हणतं त्या म्हाताऱ्या नावाड्याच्या कनवटीला असायला हवी. किल्ली माझ्याकडे कशी आली असं गावात कुणालाही विचारलं, तर तो सांगेल की मेजर हुशार आणि मामा हलगर्जी. यातला एक शब्दही खरा नाही. मी तर मेजरसुद्धा नव्हतो.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. फौजेत गाड्यांचं वायरिंग बघायचं काम होतं. पण आमच्याकडे पलूसच्या बाजूला पेन्शन घेऊन घरी आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. पहिल्यांदा कुणीतरी ‘मेजर’ म्हणून हाक मारली तेव्हा मी सांगितलं होतं, “अहो, हवालदार.” दुसऱ्यांदा सांगितलं नाही. आता मागे वळून बघताना वाटतं, माझी खोड तिथूनच सुरू झाली असावी.

मामांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नाव होती. नदीवर पूल झाला आणि नाव काठावर पालथी पडली. पुढे पुरासाठी म्हणून गावाला फायबरची बोट मिळाली, मागे इंजिन लावलेली, किल्ली फिरवून सुरू होणारी. तिची किल्ली आपसूक मामांकडे गेली. दुसऱ्या कुणाकडे जाणार? कृष्णेचं पाणी चढताना कुठल्या झाडाआड भोवरा पडतो आणि कुठे उसाच्या शेंड्यांवरून बोट बिनधास्त नेता येते, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. वर्षाचे दहा महिने बोट ग्रामपंचायतीमागच्या शेडमध्ये असायची. मामा दर पंधरवड्याला जाऊन तिच्यावरची धूळ पुसायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं तरी पुसायचे.

खंडेनवमीला आमच्याकडे लोखंडाची पूजा असते. नांगर, विळे, ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, सगळं धुऊन त्याला हळदकुंकू लावायचं आणि नारळ फोडायचा. बोट आल्यापासून तिचीही पूजा होऊ लागली. पहिली काही वर्षं नारळ मामा फोडत. मी गावी आलो त्या वर्षी सरपंच म्हणाले, “ह्या खेपेला मेजरच्या हातानं होऊ द्या.” मी पुढे झालो. मामा बाजूला झाले आणि म्हणाले, “खाली दगडावर फोडा, मेजर.” पण इंजिनाचा मान इंजिनालाच द्यायला नको का? मी नारळ इंजिनाखालच्या लोखंडी पट्टीवर आपटला. एका दणक्यात फुटला. पाणी सगळं इंजिनावरून ओघळलं. मी त्याच ओल्या जागेवर हळदकुंकवाची मूठ दाबली आणि हात जोडले. लोकांनी जयजयकार केला. मला फार बरं वाटलं होतं, हे लपवत नाही.

मग मे संपता संपता, पाऊस लागायच्या आधी, बोट तपासायचा दिवस आला. शेडसमोर निम्मं गाव जमलं होतं. मामांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्, टक्. इंजिन हललं नाही. कुणीतरी मला बोलवायला आलं आणि मी धुतलेला पांढरा लेंगा-सदरा घालून, हातात मीटर घेऊन निघालो.

हे काम मला येत होतं. इथेच मला लाज वाटते, कारण न येणाऱ्या माणसाची चूक वेगळी असते. किल्ली फिरवल्यावर नुसतं टकटक वाजलं तर बॅटरीला दोष द्यायच्या आधी मीटर बॅटरीवर ठेवून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगायचं. आकडा धाडकन खाली आला तर बॅटरी गेली. आकडा टिकला तर करंट वाटेत कुठेतरी अडतोय. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या लोखंडावर, आणि परत किल्ली. आकडा चढला तर मधला जोड खराब. दोन-चार मिनिटांचं काम. फौजेत नव्या पोरांना मी हे इतक्या वेळा शिकवलं होतं की ती माझी नक्कल करायची. पण त्यासाठी चिखलात गुडघे टेकून इंजिनाखाली डोकं घालावं लागलं असतं. लेंगा पांढरा होता आणि लोक बघत होते. मी उभ्यानंच बॅटरीला मीटर लावला. बारा व्होल्टच्या थोडा वर आकडा आला. चांगली बॅटरी दाखवते तसाच. मी मान हलवली आणि म्हणालो, “बॅटरी गेली.”

मामा बाजूलाच उकिडवे बसले होते. ते हळूच म्हणाले, “आवं मेजर, वाईच वायरी बगूया का आदी? बॅटरीत जोर हाय. कुटंतरी अडतंय.”

त्यांनी बरोबर तेच सांगितलं होतं, जे मी जन्मभर शिकवत आलो. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, “तू वल्ही मार. वायरीचं मी बघतो.”

लोक हसले. मामा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. मी लहानपणापासून त्यांना ‘तुमी’च म्हणत आलो होतो. त्या दिवशी तोंडातून ‘तू’ गेला आणि मी तो परत घेतला नाही. मामांनी नुसतं व्हय म्हटलं आणि हात झटकून उठले.

बॅटरी आणायला सांगलीला मीच गेलो. तिथला दुकानदार सरळ माणूस होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “वायरिंग तपासलं का? बोटीत निम्म्या वेळा बॅटरी ठणठणीत असते आणि जोड सडलेला असतो.” मी म्हणालो, “सगळं तपासलं.” खोटं बोललो, तेही अगदी सहज. त्यानं मग इन्व्हर्टरची बॅटरी दाखवली, मोठी, भरभक्कम. मी त्यालाच शहाणपण शिकवलं. इन्व्हर्टरची बॅटरी थोडा थोडा करंट तासन्‌तास देते. इंजिनाला एका दमात भरपूर लागतो. ट्रॅक्टरची बॅटरी तसा देते, पण पाण्यावरच्या हादऱ्यांनी तिच्या आतल्या पट्ट्या झडतात, आणि बोट कलली की बुचांतून अ‍ॅसिड सांडतं. बोटीला बोटीचीच पाहिजे. बंद तोंडाची, जाड पट्ट्यांची, आणि वायरी नटानं आवळता येतील अशा खुंट्या असलेली. वर ती दुकानात सहा महिने पडून राहिलेली नको, बनवल्याची तारीख बघून घेणार. दुकानदारानं मुंबईहून मागवली. आठ दिवसांनी मी ती मांडीवर ठेवून घरी आणली. बॅटरी निवडण्यात माझी काडीचीही चूक झाली नाही. ज्या गोष्टीची गरज नव्हती, ती मी अगदी उत्तम निवडून आणली होती.

नवी बॅटरी जोडली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. ताज्या बॅटरीनं अडलेल्या जोडातूनही करंट रेटला होता, एवढंच. पण टाळ्या पडल्या. इंजिन दोरीनं ओढून सुरू करायचीही सोय होती. मामा ती जुनी दोरी बोटीत ठेवत होते, तर मी म्हणालो, “आता कशाला दोरी? नवी बॅटरी आहे.” दोरी शेडमध्येच राहिली. ग्रामपंचायतीनं मला शाल दिली. जुन्या बॅटरीचं काय करायचं, असा प्रश्न आला तेव्हा मामा म्हणाले, “मी नेऊ का घरला?” मी उदार होऊन सांगितलं, “ने. भंगारच आहे.”

ऑगस्टात पाणी आलं.

पलीकडे मळ्यातल्या वस्तीवर पाच घरं आहेत. दरवेळी लोक वेळेत निघतात. त्या वेळी पाणी पहाटेच चढलं आणि सकाळी आठच्या सुमाराला माणसं गोठ्याच्या पत्र्यावर बसलेली आम्हाला काठावरून दिसत होती. बायका, म्हातारी माणसं, एक तान्हं मूल. मामा किल्ली घेऊन बोटीत बसले आणि मीही बसलो, कारण मेजर काठावर कसा राहणार? इंजिन सुरू झालं. निम्म्या वाटेवर लव्हाळ्याचं गवत पंख्यात अडकून ते बंद पडलं. मामांनी गवत काढलं, किल्ली फिरवली. टक्.

तो आवाज मी आयुष्यात कधी विसरणार नाही.

बोट धारेला लागली. दोरी शेडमध्ये होती आणि त्या धारेपुढे वल्ह्याचं काही चाललं नसतं. मामांनी हात लांब करून पाण्यात बुडालेल्या बाभळीची फांदी पकडली आणि बोट थांबवली. काटे तळहातात शिरलेले मला दिसत होते. मी बॅटरीवर वाकलो. तिच्या खुंट्या लखलखीत होत्या, आवळलेल्या होत्या. मी परत परत तिथेच बघत होतो. मीटर मी आणलेला नव्हता. पत्र्यावरची माणसं ओरडत होती आणि मला दुसरं काहीच सुचत नव्हतं.

“मेजर,” मामा शांतपणे म्हणाले, “तुमी फांदी धरा. मला बगू द्या.”

मी एका हातानं फांदी धरली. मामांनी मला परत एकदा किल्ली फिरवायला सांगितलं आणि स्वतः काळ्या वायरीवरून तळहात फिरवत गेले, बॅटरीपासून इंजिनापर्यंत, जनावराच्या अंगावरून हात फिरवतात तसे. इंजिनाखालच्या लोखंडी पट्टीपाशी त्यांचा हात थांबला. “हितं तापतीया,” ते म्हणाले. कमरेचा चाकू काढून, त्याचं टोक बोल्टच्या खाचेत घालून त्यांनी तो सैल केला, जोड उघडला.

मी फांदीला लोंबकळत बघत होतो. वायरीचं टोक हिरवं पडलं होतं, आणि त्या हिरव्या थराखाली वाळून दगड झालेलं लाल कुंकू होतं. पट्टीवर नारळ आपटल्याची खूण होती. नारळाचं पाणी त्या जोडात मुरलं होतं आणि दहा महिने आतून खात राहिलं होतं. मामांनी ते खरवडलं. कुंकवाची एक खपली त्यांच्या बोटावर राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हात पाण्यात बुडवून धुतला आणि जोड परत आवळला.

इंजिन सुरू झालं. तीन खेपांत सगळी माणसं काढली. कुणाला काही झालं नाही. मामांच्या तळहाताला दोन आठवडे पट्टी होती.

काठावर लोकांनी विचारलं, “काय झालतं?” मामा म्हणाले, “काय न्हाई, वाईच वायर ढिली झालती.” त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं. आणि मी ते घट्ट ओढून घेतलं.

पाणी ओसरल्यावर ग्रामपंचायतीत बैठक झाली. एक सदस्य उठले आणि म्हणाले, “बॅटरी नवी. मेजरनं सोता बसवलेली. मग वायर ढिली व्हतीच कशी? बोट कुनाच्या ताब्यात हुती?” दुसरा म्हणाला, “आपल्याबिगर अडावं म्हनून म्हाताऱ्यानं मुद्दाम ढिली ठिवली आसंल.” मामा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. ते माझ्याकडे बघत होते. बाकी कुणाकडे नाही, फक्त माझ्याकडे. मी पहिल्या ओळीत खुर्चीवर बसलो होतो. दोन वाक्यं पुरली असती. मी समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो. ठराव झाला. मामांनी कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि सरपंचांनी ती माझ्या हातात दिली. किल्ली अजून गरम होती, त्यांच्या अंगाची.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती रहिमतपूरची, बोलायला आडपडदा नाही. ती म्हणाली, “मग तवा का न्हाई बोलला?” मी म्हणालो, “तसं सुचलं नाही.” ती म्हणाली, “सुचलं न्हाई न्हवं. जीब उचलली न्हाई.” त्या दिवशी तिनं मला वाढलं, पण शेजारी बसली नाही.

मी महिनाभर टाळत राहिलो. नदीकडची वाट सोडून लांबच्या वाटेनं शेतावर जायचो. शेवटी एका दुपारी मामांच्या घरी गेलो. लाइट गेलेली होती, आमच्याकडे दुपारी जातेच. पण त्यांच्या सोप्यात एक छोटा पंखा फिरत होता. मामी म्हणाल्या, “बसा की. वाऱ्याला बसा. तुमीच दिल्याली बॅटरी हाय, लय ग्वाड चालतीया.” कोपऱ्यात पाटावर, पुसून स्वच्छ केलेली, मी भंगार म्हणून सांगितलेली बॅटरी होती. तिच्यावर पंखा चालला होता आणि आत चुलीपाशी एक दिवा. मला त्या वाऱ्यात बसवेना.

मी मामांना म्हणालो, “मामा, चूक माझी होती. नारळ मी फोडला. तपासलं मी नाही. तुम्ही म्हणत होता ते खरं होतं.” मला वाटलं होतं, ते म्हणतील जाऊ द्या. मी मनातल्या मनात ते ‘जाऊ द्या’ ऐकायलाच गेलो होतो.

मामा पानाला चुना लावत होते. म्हणाले, “ह्ये मला कशापायी सांगतासा? मला ठावंच हाय. बैठकीत मी तुमच्या तोंडाकडं बगत हुतो.”

मामींनी चहा आणला. तो मी प्यायलो. उठून येताना मामा दारापर्यंत पोचवायलाही आले. राग असता तर बरं झालं असतं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला बोट धुऊन शेडसमोर आणली. हळदकुंकवाचं ताट आलं. सरपंचांनी नारळ माझ्या हातात दिला. मामा गर्दीच्या कडेला होते. मी नारळ खाली ठेवला आणि आठवडाभर घोकलेलं बोललो. म्हणालो, “गेल्या वर्षी मी इथे नारळ फोडला, त्याच्या पाण्यानं वायर सडली. जुनी बॅटरी चांगली होती. मी न तपासता ती गेली म्हणून सांगितलं. पुरात बोट बंद पडली ती माझ्यामुळे. मामांनी ती सुरू केली. बैठकीत मी गप्प बसलो. मामांचा काहीही दोष नाही.”

मी दम घेतला. कुणीतरी तोंडात मारेल असं वाटत होतं आणि त्याला माझी तयारी होती.

सरपंच पुढे आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळून म्हणाले, “बगा. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घ्यायला काळीज मोटं लागतं. ह्याला म्हनत्यात फौजी मानूस.”

टाळ्या पडल्या. मी ओरडलो, “टाळ्या कसल्या वाजवताय? खरं सांगतोय मी!” टाळ्या आणखी वाढल्या. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. नारळाच्या पाण्यानं कधी इंजिन बंद पडतं का, असं कुणीतरी मागे हसून म्हणत होतं.

मी गर्दीतून मामांपाशी गेलो, खिशातली किल्ली काढली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, “गावानं काडून घेतली. गावानं द्याया पायजे. तुमी कोन देनारं?” मग त्यांनी ताटाजवळचा नारळ उचलला, दहा पावलं लांब जाऊन दगडावर फोडला, पाणी मातीत सांडू दिलं आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला.

त्यानंतर दर ग्रामसभेला मी उठतो आणि तेच सांगतो. आता लोक मायेनं हसतात. “मेजरचं झालं सुरू,” म्हणतात. लेखी अर्ज दिला, तो फाइलीत आहे. आणि पाणी चढायला लागलं की मी खिळ्यावरची किल्ली घेऊन आधी मामांच्या घरी जातो. ते चपला घालतात. शेडमध्ये येऊन बोटीच्या सगळ्या जोडांवरून तळहात फिरवतात, दोरी जागेवर आहे का बघतात, आणि पुढे वल्ह्यापाशी जाऊन बसतात. “हं, फिरवा,” म्हणतात. मी किल्ली फिरवतो. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं, आणि काठावरची माणसं माझं नाव घेतात.